थंडीतला कान्हेरीचा रस्ता

आम्हा बोरिवलीकरांना बर्फ दिसला तो सिनेमात. आमचा हिवाळा म्हणजे मफलर गुंडाळून वडिलांच्या स्कूटरवरून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी गाठणे. वाटेत चितळांचे कळप, वानरे, एखादे मुंगूस. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, त्या गारठ्याची आठवण आजी दर हिवाळ्यात काढायची.

हे रान टिकले त्यात पाण्याचा वाटा मोठा. मुंबईची तहान भागवण्यासाठी इंग्रजांनी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधला, भोवतालचे पाणलोट क्षेत्र राखले. आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय उद्यानात बिबटेही नांदतात. मुंबईकरांनी नळ उघडताना या जंगलाचे ऋण आठवावे.