ताऱ्यांचे कंप आणि आइन्स्टाइनचे गणित

तिसगाव (ता. पाथर्डी) : विहीर खोदताना कातळावर पहारीचा घाव बसतो, तेव्हा पोलाद क्षणभर किंचित दबते आणि पूर्ववत होते. पदार्थाच्या या गुणधर्मास स्थितिस्थापकता म्हणतात. ताण अल्प असल्यास आकारातील बदल त्याच्या प्रमाणात असतो, हा नियम रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकात मांडला. मात्र अतिघन ताऱ्यांच्या बाबतीत हे गणित नव्याने मांडावे लागते.

सापेक्षतेतील अडचण

अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार वस्तुमान व ऊर्जेमुळे अवकाश-काल वक्र होतो. त्यामुळे 'पदार्थ किती ताणला' हे मोजण्यास स्थिर चौकट उरत नाही. पूर्णतः दृढ वस्तूही संभवत नाही; पहारीचे एक टोक ढकलल्याची वार्ता दुसऱ्या टोकास प्रकाशाहून वेगाने पोहोचू शकत नाही. शिवाय पदार्थातील दाब व ताण स्वतःच गुरुत्वाकर्षण निर्माण करतात.

ब्रँडन कार्टर व हर्नान क्विंटाना यांनी १९७२ मध्ये या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. शेजारच्या कणांमधील प्रत्यक्ष अंतराची तुलना ताणरहित अवस्थेतील अंतराशी करणे, हे तिचे सूत्र होय. समतोल अवस्थेतील अल्प विचलनांचा विचार करताना कणांचे विस्थापन आणि अवकाश-कालातील बदल ही दोन्ही एकत्र सोडवावी लागतात.

ताऱ्यावरील भूकंप

न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या जेमतेम १० ते १२ किलोमीटर, वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक असते. त्याचे सुमारे एक किलोमीटर जाडीचे कवच घनरूप असते. किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी भूकवच दुभंगून हाहाकार झाला. ताऱ्याचे कवचही ताणाखाली तुटू शकते, असे शास्त्रज्ञ मानतात. एसजीआर १८०६-२० या ताऱ्यावर २७ डिसेंबर २००४ रोजी प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या क्ष-किरणांत सेकंदाला सुमारे १८, ३० व ९२ वेळा होणारी स्पंदने आढळली. कवच पिळवटून कंप पावल्याचा हा पुरावा असावा, असे मानले जाते. स्पंदनांवरून कवचाच्या दृढतेचा व आतील द्रव्याचा अंदाज बांधता येतो.

महाराष्ट्राशी नाते

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण स्पंदक ताऱ्यांचा वेध घेते. गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी जोसेफ वेबर यांनी १९६० च्या दशकात अॅल्युमिनियमचे दंडगोल वापरले. लहर आली की स्थितिस्थापक दंडगोल झंकारावा, ही कल्पना होती. परंतु त्यांच्या दाव्यास इतरांच्या प्रयोगांतून पुष्टी मिळाली नाही. अखेर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोने लेसरच्या साहाय्याने लहर टिपली. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात होणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील.

कवचावर कायमचा उंचवटा असलेला फिरता तारा अखंड लहरी सोडेल, असे गणित सांगते. अशी लहर अद्याप सापडलेली नाही. ती सापडल्यास, प्रयोगशाळेत घडविता न येणाऱ्या द्रव्याची दृढता मराठवाड्याच्या भूमीवरूनही मोजता येईल.