बाटलीतली झोप

४ डिसेंबर १८९३. इंग्लंडमधल्या हाइंडहेड गावी जॉन टिंडल आजारी होते. हवेतल्या सूक्ष्म कणांमुळे प्रकाश कसा विखुरतो हे उलगडून दाखवणारे, आल्प्सची अवघड शिखरे चढून गेलेले हे नामवंत पदार्थवैज्ञानिक कित्येक वर्षे निद्रानाशाने गांजलेले होते. रात्री झोपेसाठी क्लोरल, सकाळी पोटासाठी मॅग्नेशिया असा त्यांचा नेम. त्या सकाळी पत्नी लुईझा यांच्या हाताला मॅग्नेशियाऐवजी क्लोरलची बाटली लागली. त्यांनी चमचाभर औषध पाजले आणि घोट घशाखाली उतरताच चव वेगळी लागली. डॉक्टर धावले, दिवसभर खटपट झाली, पण टिंडल वाचले नाहीत. लुईझा पुढे १९४० पर्यंत जगल्या, पतीच्या चरित्रासाठी कागदपत्रे जमवत राहिल्या. ते चरित्र त्यांच्या हयातीत निघालेच नाही.

त्या बाटलीतले औषध तेव्हा जेमतेम पाव शतक वयाचे होते. क्लोरल हा पदार्थ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८३२ मध्येच तयार केला होता, पण त्याने झोप येते हे दाखवले बर्लिनच्या ऑस्कर लीब्रायख यांनी, १८६९ मध्ये. रक्तात गेल्यावर क्लोरलचे क्लोरोफॉर्म होईल आणि माणूस झोपेल, असा त्यांचा होरा होता. होरा चुकला. शरीरात क्लोरलपासून वेगळेच द्रव्य तयार होते. झोप मात्र लागली! प्रयोगशाळेत बनवलेले, खास झोपेसाठी वापरात आलेले हे पहिले औषध. तोवर युरोपात अफू आणि मद्य हेच मुख्य आधार होते. बघता बघता क्लोरल घरोघरी पोहोचले आणि त्याची चटकही लागू लागली. कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रॉसेटी यांची अखेरची वर्षे या व्यसनानेच पोखरली.

झोप कशाने आणता येईल, या प्रश्नामागे रसायनशास्त्र असे जोमाने लागले. ती कशामुळे उडाली, हा प्रश्न मागे राहिला.

तो प्रश्न काही नवा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात झोप न येण्याची कारणे मांडलेली आहेत : भय, चिंता, क्रोध, उपवास, अतिश्रम, गैरसोयीचे अंथरूण, म्हातारपण, दुखणे. उपायांत अभ्यंग, स्नान, दूध, दहीभात, मनाला रुचणारे गंध आणि आवाज, सुखाची शय्या. यातला प्रत्येक उपाय आजच्या कसोटीला उतरतोच असे नाही, आणि तसा दावा करूही नये. पण कारणांची यादी आजच्या डॉक्टरनेही रुग्णासमोर बसून विचारावी अशी आहे.

१९०३ मध्ये एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांनी बार्बिटालचा झोप आणण्याचा गुण जाहीर केला आणि ते ‘व्हेरोनाल’ नावाने बाजारात आले. पाठोपाठ याच, म्हणजे बार्बिट्युरेटच्या, कुळातली कितीतरी औषधे निघाली. त्यांचा दोष एकच, पण जीवघेणा. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत फार अंतर नाही. त्यात मद्याची भर पडली तर ते अंतर आणखी घटते. जपानी कथाकार आकुतागावा १९२७ मध्ये आणि ऑस्ट्रियन लेखक स्टेफान झ्वाइग १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये व्हेरोनालनेच गेले. अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या १९६२ मधल्या मृत्यूमागेही बार्बिट्युरेट आणि तेच जुने क्लोरल होते. मुंबईत १० ऑक्टोबर १९६४ रोजी सिनेदिग्दर्शक गुरुदत्त गेले. त्यांनाही झोप लागत नसे, आणि त्यांचा घात झाला तो मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या मिश्रणाने.

बार्बिट्युरेटने होणाऱ्या अशा मृत्यूंच्या धास्तीतूनच आणखी एक अनर्थ घडला. प्राण्यांना कितीही द्या, जीव जात नाही, अशी गोळी एका पश्चिम जर्मन कंपनीने १९५७ मध्ये आणली. ती थॅलिडोमाइड. निर्धोक म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकली गेली. झोपेसाठी घेतली जाई, तशीच गरोदरपणातल्या मळमळीवरही. मग हातापायांची वाढ खुंटलेली बाळे जन्माला येऊ लागली. जर्मनीत विडुकिंड लेन्त्स आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे या गोळीकडे बोट दाखवले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतली विक्री थांबली. तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळांना ती भोवली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी अडवून धरली आणि तिथली असंख्य बाळे वाचली.

झाडपाल्याचे औषध म्हणजे बिनधोक, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. सर्पगंधेच्या मुळीने मन शांत होते आणि झोप येते, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरचा तिचा परिणाम जगापुढे मांडला. पुढे तिच्यातले रिसर्पिन वेगळे काढले गेले, खूप वापरले गेले, आणि काही रुग्णांना त्याने नैराश्य येते असे दिसल्यावर डॉक्टर सावध झाले.

साठच्या दशकात डायझेपाम, नायट्राझेपाम आले. एकट्याने जीव घेण्याची ताकद त्यांच्यात कमी, म्हणून ते सर्वत्र पसरले. पण महिनोन्‌महिने घेतले की सवय जडते, एकदम सोडले तर झोप पूर्वीपेक्षाही उडते, आणि म्हाताऱ्या माणसांचा रात्री उठताना तोल जातो.

झोप कशामुळे उडते, या मागे राहिलेल्या प्रश्नाला १९७२ मध्ये वाट मिळाली. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने साधे नियम सांगितले : डोळे पेंगू लागल्यावरच अंथरुणावर जा. झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या. सकाळी उठण्याची वेळ बदलू नका. दुपारी झोपू नका. (एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठली? तिथे कोपऱ्यातली खुर्चीही चालते. अंथरूण सोडणे महत्त्वाचे.) १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी कारणांची फोड केली. काहींचा स्वभावच जागरणाकडे झुकलेला असतो. एखादे निमित्त घडते : आजारपण, मृत्यू, नोकरी जाणे. ते निमित्त सरते, पण तोवर माणूस लवकर आडवा होऊ लागलेला असतो, दुपारची झोप काढतो, रात्री घड्याळ बघत राहतो. निद्रानाश टिकतो तो या सवयींवर. या दोघांच्या कामातून आणि जोडीच्या समुपदेशनातून आजचा उपचार घडला. जुनाट निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना आधी हाच द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली.

भारतात झोपेच्या बऱ्याच गोळ्या मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ अनुसूचीत आहेत. औषधवाल्याने चिठ्ठी बघून रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे, असा नियम आहे. म्हणून ओळखीच्या दुकानातून, शेजाऱ्याच्या पट्टीतून गोळी घेऊ नका. घोरणे, रात्रीचा दम, थायरॉइड, दुखणे, चहाचा शेवटचा कप, पाळीची नोकरी हे सारे डॉक्टरांना सांगा. आणि वर्षानुवर्षे गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. मात्रा हळूहळू कशी उतरवायची, ते त्यांनाच ठरवू द्या.