केक बसणे व असमान फुगणे

केक बसणे म्हणजे भाजताना फुगून वर आलेल्या केकचा मध्यभाग भाजणे पूर्ण होण्यापूर्वी किंवा थंड होताना खाली खचणे. केकची एक बाजू उंच व दुसरी सखल राहणे, मध्यभागी उंचवटा येऊन तो तडकणे किंवा कडा दबलेल्या राहणे यांस असमान फुगणे म्हणतात. हे दोष घरगुती केकमध्ये वारंवार आढळतात. घटकांचे प्रमाण, मिश्रण फेटण्याची पद्धत, उष्णता आणि वेळ या चार बाबींपैकी एखादी बिघडल्यास ते उद्भवतात. थंड होताना केकची उंची किंचित कमी होणे मात्र नैसर्गिक असून तो दोष मानला जात नाही.

फुगण्याची प्रक्रिया

केकच्या मिश्रणातील हवेचे सूक्ष्म बुडबुडे हा फुगण्याचा पाया होय. लोणी व साखर एकत्र फेटताना किंवा अंडी फेसताना हे बुडबुडे मिश्रणात कोंडले जातात. खाण्याचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) आम्लाशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू निर्माण करतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडे आम्ल एकत्र असते. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली अशी पावडर तयार केली. हा वायू आणि पाण्याची वाफ आधीपासून असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना मोठे करतात. त्यामुळे फेटणे अपुरे झाल्यास केवळ पावडर वाढवून केक हलका होत नाही.

बुडबुडे फुगत असतानाच अंड्यातील प्रथिने घट्ट होतात आणि मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो. या दोहोंमुळे केकचा सांगाडा तयार होतो. सांगाडा पक्का होण्यापूर्वी बुडबुडे फुटले तर केक बसतो. सांगाडा सर्वत्र एकाच वेळी पक्का झाला नाही तर केक असमान फुगतो.

मध्यभाग बसण्याची कारणे

* अपुरे भाजणे: मध्यभागी उष्णता सर्वांत शेवटी पोहोचते. वरून तांबूस दिसणारा केक आत ओला असू शकतो. असा केक बाहेर काढताच मध्यभाग खचतो व कापल्यावर तेथे चिकट थर दिसतो.
* सोडा किंवा बेकिंग पावडर जास्त होणे: वायू वेगाने निर्माण होऊन बुडबुडे एकमेकांत मिसळतात व फुटतात. साधारणपणे एक कप मैद्यास एक लहान चमचा बेकिंग पावडर किंवा पाव लहान चमचा सोडा पुरतो. साबणासारखी चव आणि पिवळसर-तपकिरी रंग ही सोडा जास्त झाल्याची खूण होय.
* साखर जास्त होणे: साखरेमुळे प्रथिने व स्टार्च घट्ट होण्यास अधिक तापमान लागते; परिणामी सांगाडा उशिरा बनतो.
* ओव्हन पुरेसा न तापणे: मंद आचेवर बुडबुडे फुगतात, पण सांगाडा वेळेवर पक्का होत नाही.
* दार लवकर उघडणे: पहिल्या दोन-तृतीयांश वेळेत दार उघडल्यास तापमान उतरते आणि बुडबुडे आकुंचन पावतात.
* मिश्रण ताटकळत ठेवणे: फ्रूट सॉल्ट ओले होताच वायू सोडू लागते. ते घातलेले मिश्रण लगेच भाजावे लागते.

वीजपुरवठ्याचाही परिणाम होतो. विजेच्या ओव्हनमधील उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट दाब मिळाल्यास ती सुमारे तीन-चतुर्थांश उरते. अशा वेळी ओव्हन तापण्यास अधिक वेळ लागतो. भाजताना वीज गेल्यास अर्धवट फुगलेला केक बसतो. तो पुन्हा भाजल्यास शिजतो, पण पूर्ववत फुगत नाही.

असमान फुगण्याची कारणे

केकचे भांडे कडेने प्रथम तापते. ओव्हन फार तापलेला असल्यास कडा व वरचा पापुद्रा लवकर घट्ट होतात आणि आतील मिश्रण मध्यभागातून वाट काढते; त्यामुळे उंचवटा येऊन केक तडकतो. बहुतेक साध्या केकसाठी १७० ते १८० अंश सेल्सिअस तापमान वापरले जाते. एकच बाजू उंच राहिल्यास तिरकी जाळी, हलता ओटा, मिश्रणाचा असमान थर किंवा ओव्हनचा एक कोपरा अधिक तापणे ही कारणे संभवतात. मैदा घातल्यावर मिश्रण फार ढवळल्यास ग्लुटेन वाढून केक चिवट होतो व त्यात उभी भोके पडतात. भांडे अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंतच भरावे.

कुकरमधील केक

महाराष्ट्रात अनेक घरांत ओव्हनऐवजी प्रेशर कुकरमध्ये केक केला जातो. कुकरच्या तळाशी मीठ किंवा वाळूचा थर देऊन त्यावर जाळी ठेवतात आणि केकचे भांडे जाळीवर ठेवतात. झाकणाची शिट्टी व रिंग काढणे आवश्यक असते. अन्यथा वाफ कोंडून केक ओलसर राहतो आणि दाब वाढण्याचा धोका असतो. कुकर कोरडाच तापवल्यास त्याचे नुकसान होऊ शकते, म्हणून या कामासाठी जुना कुकर किंवा जाड बुडाचे झाकणाचे पातेले वापरतात.

या पद्धतीत उष्णता प्रामुख्याने खालून मिळते. त्यामुळे तळ करपणे, वरचा भाग फिकट राहणे आणि मध्यभाग बसणे हे दोष अधिक दिसतात. कुकर सुमारे दहा मिनिटे आधी तापवणे, नंतर आच मंद ठेवणे आणि भांडे कुकरच्या भिंतीस टेकू न देणे हे त्यावरील उपाय होत.

रवा केक व बिनअंड्याचा केक

रवा पाणी सावकाश शोषतो. मिश्रण लगेच भाजल्यास रवा तळाशी बसतो व वरचा थर पातळ राहतो. म्हणून ते अर्धा तास मुरवून सोडा किंवा बेकिंग पावडर शेवटी घालतात. गोव्यातील रवा व नारळाच्या ‘बाथ’ या केकचे मिश्रण परंपरेने रात्रभर मुरवले जाते.

बिनअंड्याच्या केकमध्ये अंड्यातील प्रथिनांचा आधार नसतो. दही व सोडा वापरल्यास दह्याच्या आंबटपणानुसार वायूचे प्रमाण बदलते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये मुळातच भरपूर साखर असल्याने वेगळी साखर पूर्ण प्रमाणात घातल्यास केक बसण्याची शक्यता वाढते. पापडखार हा खाण्याच्या सोड्यापेक्षा वेगळा पदार्थ असून त्याऐवजी वापरता येत नाही.

उंची व हवामान

उंचावर हवेचा दाब कमी असल्याने बुडबुडे अधिक फुगतात आणि पाणी कमी तापमानास उकळते. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्यात तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी साधारण ९६ अंशांना उकळते. अशा ठिकाणी सपाटीवरील कृतीतील बेकिंग पावडर सुमारे एक-अष्टमांशाने कमी करणे, एक-दोन मोठे चमचे द्रव वाढवणे आणि ओव्हन ८ ते १४ अंश अधिक तापवणे उपयुक्त ठरते. महाबळेश्वरसारख्या ठिकाणीही हेच लागू पडते.

पावसाळ्यातील दमट हवेत उघडी राहिलेली बेकिंग पावडर निष्प्रभ होते. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकल्यास जोमाने फेस आला पाहिजे. सोड्याची परीक्षा लिंबाच्या रसाने घेतात.

दोषाचे निदान

दोष शोधताना एका वेळी एकच बाब बदलावी. अन्यथा नेमके कारण कळत नाही. घरोघरी वाटीचा आकार वेगळा असतो आणि मैदा दाबून भरल्यास एका कपात १२० ऐवजी १५० ग्रॅमपर्यंत मावतो, म्हणून वजनाने मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

* मध्यभाग खचलेला व ओला: भाजण्याचा वेळ वाढवावा.
* मध्यभाग खचलेला पण कोरडा, जाळी मोठी: सोडा किंवा पावडर कमी करावी.
* उंचवटा व तडा: तापमान कमी करावे.
* सर्वत्र चपटा व घट्ट: पावडर तपासावी, फेटणे वाढवावे.
* एक बाजू सखल: जाळी समपातळीत आणावी, दोन-तृतीयांश वेळेनंतर भांडे फिरवावे.

मध्यभागी टोचलेली सुरी किंवा काडी कोरडी बाहेर येणे, कडा भांड्यापासून सुटणे आणि बोटाने दाबलेला भाग परत वर येणे या केक तयार झाल्याच्या खुणा होत. बसलेला पण पूर्ण शिजलेला केक खाण्यायोग्य असतो. त्याचे काप पुन्हा भाजून रस्क करता येतात किंवा चुरा कस्टर्ड व फळांसह पुडिंगमध्ये वापरता येतो. अंडे घातलेला कच्चा राहिलेला भाग मात्र खाऊ नये.