छावणीचा बाजार आणि हातगाडीचा कागद



आजच्या गोष्टीची सुरुवात माझ्या फाटकापासून आहे. पद्मनाभपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सकाळी भाजीचा पसरा लागतो. पसरा हा छत्तीसगढी शब्द. पुण्यात पथारी म्हणतात ती हीच. जमिनीवर पोतं अंथरायचं, त्यावर लाल भाजी, मुनगा, टमाटर मांडायचे, झालं दुकान. मुनगा म्हणजे आपल्या शेवग्याच्या शेंगा. पसरा लावणारी बाई मला एके दिवशी म्हणाली, "साहब, मोर कागद नइ बने हे." माझा कागद बनलेला नाही. रस्ता मोकळा करणार अशी कुणकुण तिच्या कानावर आली होती.

हा कागद कोणता आणि तो आला कुठून, हे आज सांगायचं आहे. थोडं मागे जावं लागेल. मी फौजी असल्यामुळे छावणीतूनच जाईन.

कंपनी सरकारच्या काळात देशी शिपायाला आजच्यासारखा लंगर नव्हता. एरवी तो पगारातून शिधा विकत घ्यायचा आणि स्वतः रांधायचा. मग विकणारा जवळ हवा. म्हणून पलटणीबरोबर बाजार चालायचा. वाणी, तंबाखूवाला, दूधवाला, मोची, न्हावी, आणि त्यांच्यावर एक चौधरी. मराठ्यांच्या फौजेचंही तेच. पानिपताच्या गोष्टीत आपण बुणग्यांना नावं ठेवतो, पण त्या गर्दीत फौजेला दाणागोटा विकणारेही होते. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत आर्थर वेलस्लीसारखा सेनापती बंजाऱ्यांच्या बैलांवर डोळा ठेवून असायचा. धान्य त्यांच्याच पाठीवर यायचं.

पुढे कायमच्या छावण्या झाल्या. नागपूरजवळची कामठी १८२१ ची. जिथे छावणी तिथे सदर बाजार. आज मेरठपासून पुण्याच्या कॅम्पापर्यंत ज्या जुन्या बाजारपेठा दिसतात, त्यांच्या मुळाशी असे बोलावून बसवलेले विक्रेते आहेत. सरकारला गरज होती तेव्हा त्यांना कोणी अतिक्रमण म्हटलं नाही.

आता माझी स्वतःची एक गोष्ट. अभिमानाची नाही. १९८७ च्या सुमाराला मी कॅप्टन होतो. छावणीचं नाव सांगत नाही. वरिष्ठांची पाहणी ठरली. भिंतीबाहेर सात-आठ हातगाड्या उभ्या असायच्या, चहा, अंडी, केळी. मला त्या डोळ्यांत खुपायच्या. आदल्या रात्री गाड्या ट्रकमध्ये घालून लांब टाकून यायचा हुकूम मी दिला. पाहणी छान झाली. तिसऱ्या दिवशी चहावाला आला. गाडीबद्दल तो फार बोलला नाही. त्याला वही हवी होती. जवानांच्या उधारीची वही गाडीच्या खणात होती आणि गाडीबरोबर गेली होती. आमच्या सुभेदारसाहेबांनी पोरांना रांगेत उभं करून ज्याला जेवढं आठवेल तेवढं द्यायला लावलं. मी खोलीत बसून होतो.

मी हे करत होतो त्याच्या दोनच वर्षं आधी सर्वोच्च न्यायालयात याच प्रश्नावर मोठे निकाल लागले होते. मला पत्ता नव्हता. जुलै १९८५. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, मूळचे पुण्याचे. ३ जुलैला बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्याचा निकाल आला आणि शहरात फेरीवाल्यांसाठी क्षेत्रं ठरवण्याची योजना पुढे आली. फेरीवाल्याला जागा किती? एक मीटर बाय एक मीटर. १० जुलैला ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. तो पदपथावर राहणाऱ्यांचा होता, पण त्यातलं तत्त्व फेरीवाल्यांना पुढे फार कामी आलं. जगण्याच्या हक्कात पोटापाण्याचा हक्क येतो, असं पाच न्यायाधीशांनी सांगितलं. चंद्रचूडसाहेब दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले.

आता गंमत बघा. या निकालाचं नाव सगळे आदराने घेतात, पण ज्यांनी दाद मागितली होती त्यांची घरं वाचली नाहीत. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३१४ आहे. त्यात आयुक्तांना नोटीस न देता रस्त्यावरचं हटवण्याचा अधिकार. ते कलम न्यायालयाने टिकवलं. नोटीस साधारणपणे द्यावीच, एवढं बजावलं, आणि पावसाळा जाऊ दे म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली.

१९८९ मध्ये सोदानसिंग खटल्याने पुढचं पाऊल टाकलं. रस्ता फक्त चालण्यासाठी नाही, नीट नियमन असेल तर पदपथावरचा धंदा हासुद्धा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्यात येतो. मात्र अमुकच जागा माझी, असा हक्क नाही. मला ही रेघ योग्य वाटते. ज्याला आंधळ्या म्हाताऱ्याला हात धरून पदपथावरून न्यावं लागलंय, तो पदपथ मोकळा मागणाऱ्यांना खलनायक म्हणणार नाही.

न्यायालयाबाहेरही लढाई चालू होती. अहमदाबादेत इला भट्ट यांची 'सेवा' भाजीवाल्या बायांसाठी उभी राहिली, पुण्यात बाबा आढावांनी पथारीवाल्यांची पंचायत बांधली. केंद्राचं धोरण २००४ मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारलं. पण धोरणाला दात नसतात. २०१० मध्ये न्यायालयाने कायदाच करा म्हणून सांगितलं. अखेर पथविक्रेता अधिनियम मंजूर झाला आणि १ मे २०१४ पासून लागू झाला.

त्यातली चार कामाची कलमं सांगतो, लिहून घ्या. शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांची पाहणी करायची, निदान पाच वर्षांतून एकदा. पाहणी होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवायचं नाही. पुढे हलवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची, नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. ही यादीची तरतूद वाचली तेव्हा मला ती वही आठवली. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया.

कायदा आणखी एक शब्द वापरतो, नैसर्गिक बाजार. म्हणजे घेणारे आणि विकणारे आपोआप जिथे जमतात ती जागा. आमच्या भिलाईत याचा अर्थ चटकन कळतो. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखाना, रस्ते, सेक्टर, सगळं नकाशाबरहुकूम. देशभरातून माणसं आली, त्यांत आपले विदर्भातलेही. पण सुपेल्याचा रविवारचा बाजार कोणा इंजिनिअरच्या नकाशामुळे भरत नाही. गिऱ्हाईक येतं म्हणून भरतो. पाळीवरून सुटलेल्या माणसाला पोराचा शर्ट तिथे परवडतो. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही कायद्यात आहे. कोणता बाजार किती जुना, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं म्हणणं आताच लिहून ठेवायला हवं.

जून २०२० मध्ये टाळेबंदीनंतर स्वनिधी योजना आली, पहिल्या खेपेला दहा हजारांचं कर्ज. पैसा चांगलाच. पण कर्जाचा कागद वेगळा आणि विक्रीचं प्रमाणपत्र वेगळं. पसऱ्यावरच्या बाईची गडबड इथेच झाली होती. बँकेचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता आणि तोच आपला परवाना समजत होती.

मग आम्ही अर्ज लिहिला. किती वर्षं बसता, विचारलं तर म्हणाली, मोठा मुलगा मांडीवर होता तेव्हापासून. मुलाचं वय सव्वीस. अर्जात मी 'सुमारे पंचवीस वर्षे' लिहिलं, गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घेतल्या, पहिली माझी. पोच घ्यायला सोमवारी मी तिच्याबरोबर जाणार आहे. त्या दिवशी पसऱ्यावर तिची सून बसेल.