मावळचे किल्ले आणि एक व्हेनिसकर

पुण्याहून लोणावळ्याकडे आगगाडीने जाताना कामशेत मागे पडून मळवली जवळ आली म्हणजे डाव्या हातास विसापूर व लोहगड दिसू लागतात. त्यांच्या पलीकडे पवनेच्या खोऱ्यात तुंग व तिकोना उभे आहेत. ह्या चार किल्ल्यांच्या इतिहासाचे एक पान नीट वाचावयाचे तर इटालियन भाषा यावयास हवी, असे कोणी म्हटल्यास तो पंडिती हट्ट वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

१६६५ च्या उन्हाळ्यात मिर्झा राजा जयसिंगाच्या फौजांनी ह्या किल्ल्यांखालची गावे जाळून मुलूख उजाड केला. जून महिन्यात पुरंदरचा तह झाला आणि शिवाजीमहाराजांस तेवीस किल्ले सोडून द्यावे लागले. लोहगड, इसागड म्हणजेच विसापूर, तुंग व तिकोना हे चारही त्यांत होते. मावळाने सोसलेला हा मोठाच आघात होय. लोहगड परत स्वराज्यात येण्यास १६७० साल उजाडावे लागले.

ज्या छावणीत हा तह ठरला, तीत निकोलाव मनुची नावाचा व्हेनिस येथील एक तरुण जयसिंगाच्या तोफखान्यावर नोकरीस होता. कोवळ्या वयात घर सोडून तो १६५६ मध्ये सुरतेस उतरला होता. एके रात्री आपण राजाशी पत्ते खेळत असता शिवाजीमहाराज डेऱ्यात आले, आणि हा कोठला राजा, असे त्यांनी आपणाविषयी विचारले, असे तो सांगतो. जयसिंगाने तो फिरंगी राजा असल्याचे उत्तर दिले. पुढे महाराजांशी आपले हिंदुस्थानीतून बोलणे होत असे, युरोपात पोर्तुगालखेरीज दुसरा राजा नाही अशी त्यांची समजूत होती व ती आपण दूर केली, असेही त्याने लिहिले आहे. पराभवाच्या त्या दिवसांतही महाराज परक्या देशांची चौकशी करीत होते, ही गोष्ट शत्रूच्या छावणीतील मनुष्य सांगतो, म्हणून तिचे मोल विशेष.

परंतु ही साक्ष आपल्यापर्यंत आली कशी? मनुचीने वृद्धपणी, जवळजवळ पस्तीस वर्षांनंतर, आपल्या आठवणी सांगून लिहविल्या. लेखनिक मिळेल त्याप्रमाणे कधी इटालियन, कधी पोर्तुगीज, तर कधी फ्रेंच, अशी मूळ ग्रंथाची भाषा बदलत जाते. हस्तलिखित पॅरिसला गेले. तेथे कात्रू नामक जेझुइट पाद्र्याने त्यात मनसोक्त फेरफार करून १७०५ मध्ये फ्रेंच ग्रंथ छापला. मनुची संतापला व त्याने आपला ग्रंथ व्हेनिसच्या सिनेटकडे धाडला. तथापि पुढे दोनशे वर्षे जग मनुची म्हणून वाचीत राहिले ते बहुतांशी कात्रूचे पुस्तक. बर्लिन व व्हेनिस येथील मूळ प्रती जुळवून विल्यम अर्व्हिन याने चार खंडांचे इंग्रजी भाषांतर काढले ते १९०७-०८ मध्ये.

ह्याच १९०७ साली सावरकरांचे मॅझिनीवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. एकाच वर्षी दोन इटालियन महाराष्ट्राच्या दारी आले, आणि दोघेही इंग्रजीचा हात धरून आले. मॅझिनीच्या बाबतीत त्यात फारसे बिघडले नाही. स्फूर्ती भाषांतरातूनही पेटते. त्या पुस्तकावर सरकारने घातलेली बंदीच ह्याची साक्ष देते. पुराव्याचे मात्र तसे नाही. स्वतः पाहिलेले कोणते, ऐकीव कोणते आणि वार्धक्यातील विस्मृतीने रंगविलेले कोणते, हे ओळखण्यास लेखकाच्या स्वतःच्या शब्दांशी परिचय हवा.

शब्दांबरोबर संस्कृतीही हवी. परराष्ट्रातून परतलेल्या वकिलाने तेथील राजा, सैन्य, वसूल व दरबार यांचे साद्यंत निवेदन सिनेटपुढे करावयाचे, असा व्हेनिसचा शतकानुशतकांचा परिपाठ होता. तो ज्यास ठाऊक आहे त्यास मनुचीने आपला ग्रंथ त्या सभेकडेच का पाठविला हे उमगते. ज्यास ठाऊक नाही त्यास ती एका चिडलेल्या म्हाताऱ्याची लहर वाटेल.

ह्या शिस्तीचा धडा मावळाला नवीन नाही. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई कामशेत येथेच राहिले, आणि सर जदुनाथ सरकार त्यांच्याकडे येऊन राहत. सरकारांनी इतिहासासाठी फारसी, मराठी, पोर्तुगीज व फ्रेंच ह्या भाषा आत्मसात केल्या होत्या. अर्व्हिनचा मोगल इतिहासावरील अपुरा ग्रंथ संपादून पुरा करणारेही तेच. साक्षीदार ज्या भाषेत बोलला त्या भाषेत त्याचे ऐकावे, हा त्यांचा दंडक होता.

आज परकीय भाषांकडे तरुण मंडळी वळतात ती बहुधा नोकरीसाठी वा परदेशी शिक्षणासाठी. त्यात गैर काही नाही. परंतु विद्यापीठात इटालियन शिकावयास निघालेल्या मराठी विद्यार्थ्यास माझी एक विनंती आहे. दान्तेपर्यंत पोहोचावे, मॅझिनी त्याच्या भाषेत वाचावा, आणि मग एकदा मनुचीकडेही वळावे. व्हेनिसच्या सेंट मार्क ग्रंथालयात त्याची हस्तलिखिते आहेत. त्याने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून काढविलेले शिवाजीमहाराजांचे अश्वारूढ चित्र व्हेनिसहून १७९७ मध्ये फ्रेंचांच्या हाती लागून पॅरिसला गेले. ते आजही तेथे आहे. मळवलीच्या डोंगरांवरून दिसणाऱ्या मुलखाचा काही इतिहास इतक्या दूर जाऊन पडला आहे. तो वाचण्यासाठी दुसऱ्याचा चष्मा किती दिवस उसना आणावयाचा?