पावसाळी मुक्कामाची कुळकथा

आजीआजोबा, लेकीसुना, नातवंडे असा सारा लवाजमा घेऊन ऐन श्रावणात लोणावळ्या-खंडाळ्याला चार दिवस मुक्काम करण्याची जी वहिवाट मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून पडली आहे, तिचे मूळ शोधू गेले म्हणजे लोक सहसा गोऱ्या साहेबाकडे बोट दाखवितात. परंतु जुने दफ्तर चाळून पाहिले, तर पावसाळ्यात घाटमाथ्यावर राहावयास साहेब मुळीच तयार नव्हता, असे दिसून येते. सर जॉन माल्कम याने 1829 मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरी पेठ वसविली, ती उन्हाळ्यापुरती. मुंबई सरकारचे वर्ष तीन ठिकाणी वाटलेले असे: हिवाळा मुंबईस, वैशाखवणवा महाबळेश्वरी, आणि मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सरकारस्वारी लवाजम्यानिशी पुण्यास, गणेशखिंडीच्या मुक्कामी. मागे राहिलेल्या बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्यांची झापे बांधून माळी-चौकीदार तेवढे उरत. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने उजेडात आणलेल्या माथेरानचीही तीच तऱ्हा. तेथे 1907 मध्ये आदमजी पीरभाय घराण्याने चिमुकली आगगाडी नेली खरी, पण नेरळहून निघणारी ती गाडी आजही पावसाळ्यात बंद असते.

साहेबाचे सोडा, आपल्या पूर्वजांनाही पावसाळा प्रवासाचा वाटत नव्हता. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत संन्याशाने एके ठायी राहावे, मोहिमेवरच्या फौजांनी छावणी करावी, नदीनाल्यांचे पाणी ओसरले म्हणजे दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा घोड्यावर मांड टाकावी, हा या मुलखाचा क्रम होता. पावसात बाहेर पडे तो वारकरी, आणि नागपंचमीला माहेरी निघालेली सासुरवाशीण. वारकरी विठ्ठलाच्या ओढीने जाई आणि सासुरवाशीण आईच्या. पाऊस हा दोघांच्याही वाटेवर पडे, पण तो पाहण्यासाठी म्हणून कोणी घर सोडीत नसे.

तरीसुद्धा पावसाळ्यात डोंगरात राहण्याची या प्रदेशातली साक्ष फार जुनी आहे, आणि ती कागदावर नसून दगडावर आहे. लोणावळ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, एक लेख कोरलेला आहे. वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या आणि तेथे वर्षावास करणाऱ्या सर्व प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. वलूरक म्हणजे आजचे कार्ले. वर्षावासाचे तीन महिने भिक्षूने भटकू नये, एके जागी राहून अध्ययन करावे, हा संघाचा नियम होता, आणि त्या काळात त्याच्या पोटाची व्यवस्था एका अख्ख्या गावाच्या उत्पन्नावर लावून देण्यात आली होती. समोरच्या डोंगरातल्या भाजे लेण्यांत पाऊसकाळी जावे. विहाराच्या कोठड्यांतून निजण्यासाठी खडकातच खोदलेले ओटे आहेत. त्यांवर बसले म्हणजे बाहेर कड्यावरून सुटलेल्या धबधब्याचा घोष अखंड ऐकू येतो आणि खाली इंद्रायणीच्या खोऱ्यातली भाताची खाचरे पाण्याने भरून आरशासारखी चकाकताना दिसतात. त्या ओट्यावर बसून पाऊस ऐकणारा भिक्षू हाच मला आपल्या सहकुटुंब मुक्कामाचा आद्य पुरुष वाटतो, मग तो स्वतः कुटुंब सोडून आलेला असो.

मधली सतरा-अठरा शतके ओलांडून ही वंशावळ पुन्हा हाती लागते ती बोरघाटात. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाटातला लोहमार्ग खुला झाला, आणि ज्या चढणीवर बैलांचे ऊर फुटत, ती आजारी म्हाताऱ्यालाही बसल्या जागी पार करता येऊ लागली. जेम्स बर्कली याने आखलेला हा मार्ग 1,831 फूट चढतो, पंचवीस बोगद्यांतून जातो, आणि चढण फार तीव्र म्हणून त्या काळी खंडाळ्यानजीक गाडी थांबवून एंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकास लावावे लागे. तो उलटफेर 1930 च्या सुमारास संपला. पण कर्जतला मागून जोर देणारी बँकर एंजिने जोडण्याची प्रथा राहिली. ती जोडेपर्यंत गाडी उभी राहते, तेवढ्यात फलाटावरून गरम बटाटेवडे खिडकीत येतात, आणि मग बोगद्यामागून बोगदा, दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात एक एक धबधबा, प्रत्येक अंधारात पोरांचा कल्लोळ. पाऊस ही पाहण्याची वस्तू आहे हे मुंबईकराला या खिडकीने शिकविले, असे माझे स्पष्ट मत आहे. लोणावळ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि अवघ्या पासष्ट किलोमीटरांवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीच्या कड्याला थटून वर चढतो, गार होतो आणि माथ्यावरच रिता होतो. या रित्या होण्याच्या नेमक्या जागेतून रूळ गेले, हे आपले भाग्य.

वाट झाली, पण सवड हवी. गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी केलेल्या दीर्घ खटपटीला 10 जून 1890 रोजी यश आले. ती सुटी काही त्या कामगाराला लगेच खंडाळ्याला घेऊन गेली नाही. त्याचा रविवार बहुधा विश्रांतीत आणि बाजारहाटात जाई. परंतु आठवड्याला एक दिवस माणसाचा स्वतःचा असतो, ही गोष्ट मुंबईत रुजली ती त्यांच्यामुळे, आणि ऐन मृगात रुजली. पुढे पुण्याच्या पावसाळी घोडशर्यतींसाठी शेटमंडळी शनिवारी घाट चढू लागली. 1 जून 1930 पासून सुरू झालेली डेक्कन क्वीनही आरंभी शनिवार-रविवारचीच गाडी होती.

सारे कुटुंब मात्र वर आले ते शर्यतींमुळे नव्हे, हवापालटामुळे. पारशी, गुजराती, जैन दानशूरांनी आपापल्या ज्ञातिबांधवांसाठी लोणावळ्या-खंडाळ्यास सॅनिटोरियमे बांधली, धनिकांनी बंगले उठविले, आणि रिकामे पडलेले बंगले मोसमात भाड्याने मिळू लागले. येथे खाणावळ नव्हती. घरच उचलून न्यावे लागे, आणि घर उचलायचे तर आजीवाचून कसे चालेल? वळकट्या, प्रायमस, डाळतांदळाची गाठोडी, लोणच्याची बरणी, आजोबांची औषधे. किल्ली माळ्याकडे, तोच दूध आणून देई आणि पहाटे तांब्याचा बंब पेटवी. दिवसभर पावसाने कोंडलेल्या पडवीत एका कोपऱ्यात पत्त्यांचा डाव, दुसऱ्यात आजीची पोथी, मधोमध कोळशाची शेगडी आणि तिच्यावर पालथी घातलेली वेताची डाल. तान्ह्याची दुपटी त्या डालीवर उलटून पालटून वाळवायची, आणि ती वाळेपर्यंत आजीने चुलत्यामामांच्या हकिकती सांगायच्या. एरवी चाळीच्या दोन खोल्यांत ज्या माणसांना एकमेकांशी बोलायला उसंत नव्हती, त्यांना पावसाने येथे सक्तीने समोरासमोर बसविले. हा या रिवाजाचा गाभा आहे. धबधबा ही त्याची केवळ निशाणी होय.

2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुक्कामाची जागा धावत्या भेटीने घेतली. सकाळी निघावे, पाण्यात भिजावे, कणीस खावे, रात्री परतावे. वाफेच्या एंजिनांना पाणी पुरविण्यासाठी रेल्वेने बांधलेले भुशीचे धरण आता पोहण्याचे ठिकाण समजले जाते. 30 जून 2024 रोजी त्या धरणामागच्या ओढ्यात सहलीस आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत लहान मुले, एकाएकी वाढलेल्या लोंढ्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. डोंगरावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यात उतरावयास फार वेळ लागत नाही. वर ढग फुटलेला असतो आणि खाली ऊनही पडलेले असते. तेव्हा या श्रावणात घाटमाथ्यावर जाणार असाल तर म्हाताऱ्यांना आवर्जून बरोबर घ्या, निदान दोन रात्री राहा, पाऊस पडवीतून पाहा, आणि वाहत्या पाण्यात मुलाबाळांना पाऊल घालू देऊ नका.