तारेचा कठडा

तारेचा कठडा हा घराची गच्ची, गॅलरी, जिना किंवा उंच ओटा यांच्या मोकळ्या कडेला उभारल्या जाणाऱ्या कठड्याचा एक प्रकार आहे. यात उभ्या खांबांमधून पोलादी तारदोरी आडवी किंवा उभी ओवून ती ताणून बसवलेली असते. जहाजाच्या डेकभोवती माणसे समुद्रात पडू नयेत म्हणून ज्या तारा बांधल्या जातात, त्यांच्याशी या रचनेचे साम्य आहे. तारा बारीक असल्याने समोरचे दृश्य व वारा अडत नाही. मात्र या कठड्याचे बळ तारेपेक्षा टोकाच्या खांबांवर आणि ते खांब स्लॅबला ज्या रीतीने जखडले जातात त्यावर अवलंबून असते.

कठड्याचे कार्य

कठडा हा घराच्या शोभेचा भाग समजला जात असला, तरी माणसाला उंचीवरून पडू न देणे हे त्याचे पहिले काम होय. कठड्यावर तीन प्रकारचे बल येते : माणूस रेलतो तेव्हा वरच्या दांडीवर येणारा आडवा रेटा, कोणी धडकल्यास बसणारा हिसका आणि मुले चढल्यास खाली येणारे वजन. तारेच्या कठड्यात याखेरीज एक चौथे बल अहोरात्र कार्यरत असते, ते म्हणजे तारांचा स्वतःचा ताण. लोखंडी गजांच्या किंवा विटांच्या कठड्यात हे बल नसते. त्यामुळे गजांच्या कठड्याला पुरणारा खांब तारेच्या कठड्याला पुरेल असे नाही.

बारामती व इंदापूर परिसर

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथील सरासरी वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर असून उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपण्याची रीत असल्याने गच्चीच्या कठड्याला येथे विशेष महत्त्व आहे. घर टप्प्याटप्प्याने बांधले जाते तेव्हा पुढच्या मजल्यासाठी सळया सोडून गच्ची वर्षानुवर्षे कठड्याविना राहते. झोपेतून उठलेल्या माणसाला अंधारात अशी कड दिसत नाही, म्हणून बांधकाम अपुरे असतानाही तात्पुरता कठडा लावणे आवश्यक ठरते.

जुन्या वाड्यांमध्ये माडीच्या चौकाभोवती लाकडी कठडा असे. आज विटांचा कठडा, चौकोनी लोखंडी पाइपचे ग्रील आणि स्टेनलेस स्टीलच्या पाइपचे रेलिंग हे प्रकार सर्रास आढळतात. तारेचा कठडा त्या मानाने नवा असून उजनी जलाशयाच्या काठावरील किंवा शेतातील घरांसारख्या, जेथे दृश्य मोकळे ठेवायचे असते अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो.

या भागात द्राक्षबागांचे मांडव तारांवर उभे असतात. मांडवाच्या कडेचे खांब आत झुकू नयेत म्हणून त्यांना बाहेरच्या बाजूने जमिनीत ताण दिलेला असतो. गच्चीवरच्या खांबाला असा बाहेरून ताण देता येत नाही, म्हणून त्याला स्वतःच्या जाडीवर आणि पायाच्या पकडीवर उभे राहावे लागते. मांडवाची एकेरी जस्ताळलेली तार घराच्या कठड्यासाठी वापरू नये. ती ओढ बसल्यावर लांबते आणि पिळा मारून बांधलेले तिचे टोक हळूहळू सैल होते.

उंची, फट व भार

भारतीय मानक ब्यूरोने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार गच्ची, गॅलरी व व्हरांडा यांच्या कडेचा कठडा तयार फरशीपासून किमान १ मीटर उंच असावा. बांधकामानंतर फरशीचा थर वाढवल्यास कठड्याची उंची तेवढीच कमी होते, याचा हिशेब आधी करावा लागतो. स्थानिक बांधकाम परवानगीला राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. काम काढण्यापूर्वी नगरपरिषदेकडून किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून लागू नियम जाणून घ्यावा.

इमारतींवरील भारांविषयीच्या आयएस ८७५ (भाग २) या मानकात खाजगी घराच्या गॅलरी व जिन्याच्या कठड्यासाठी दर मीटर लांबीला ०.३५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३६ किलोग्रॅम वजनाइतका आडवा रेटा गृहीत धरला आहे. गर्दीच्या जागांसाठी हा आकडा बराच मोठा आहे. ज्या गच्चीवर लग्नकार्याच्या पंगती बसतात किंवा मिरवणूक पाहण्यासाठी माणसे दाटीने उभी राहतात, तेथे केवळ घरगुती भार धरून चालत नाही.

कठड्यातील फटीसाठी अमेरिकेतील घरबांधणी संहितेचा दंडक अनेक ठिकाणी मार्गदर्शक मानला जातो. ४ इंच, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा कोणत्याही फटीतून पार होता कामा नये, असा तो दंडक आहे. लहान मुलाचे शरीर फटीतून निसटू नये, हा यामागील हेतू. सांडपाण्याच्या ११० मिलिमीटर पाइपचा तुकडाही फटीतून सहज जात असेल, तर ती फट निश्चितच धोकादायक समजावी.

साहित्याची निवड

वीट व काँक्रीट : विटांचा कठडा स्वस्त व आडोसा देणारा असतो. परंतु केवळ अर्ध्या विटेची भिंत, मध्ये काँक्रीटचे खांब व वर पट्टी न घेता उभारल्यास रेट्याने कोसळू शकते.

साधे पोलाद : चौकोनी पाइप व गज सहज मिळतात आणि गावातील कोणताही वेल्डर हे काम करू शकतो. याचा शत्रू गंज. पोकळ पाइपमध्ये शिरलेले पाणी तळाशी साचते व पाइप आतून सडतो. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून पाइपची तोंडे बंद करणे, तळाशी पाणी निघण्याची वाट ठेवणे आणि रंगापूर्वी गंजरोधक थर देणे आवश्यक असते. वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेले पोलाद अधिक टिकते, पण लेपानंतर वेल्डिंग केल्यास त्या जागेचा लेप जळून जातो.

स्टेनलेस स्टील : बाजारात २०२, ३०४ व ३१६ या प्रती मिळतात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये यांखेरीज २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत टिकते. २०२ मध्ये निकेल कमी व मँगॅनीज अधिक असते. ती स्वस्त पडते, पण उघड्यावर तिच्यावर तांबूस डाग लवकर येतात. लोहचुंबक लावून २०२ व ३०४ यांतील फरक कळत नाही, कारण दोन्ही जवळजवळ अचुंबकीय असतात. खात्रीसाठी रासायनिक चाचणीचा थेंब वापरावा किंवा बिलावर प्रत लिहून घ्यावी. बारामती-इंदापूरच्या कोरड्या हवेत सामान्यतः ३०४ पुरेशी ठरते. कोकणात मात्र ३१६ घेणे इष्ट.

ॲल्युमिनियम : हलके व न गंजणारे. तारांच्या ताणाखाली ते पोलादापेक्षा अधिक वाकते, म्हणून खांब जाड घ्यावे लागतात.

लाकूड : सागवान टिकाऊ असले तरी ऊन व वाळवी यांपासून त्याचे सतत रक्षण करावे लागते. लाकूड सुकून आकसले की तारा सैल पडतात.

काच : केवळ कडक केलेली काच फुटल्यावर तिचे बारीक तुकडे होऊन पूर्ण फट मोकळी होते. म्हणून कठड्यासाठी मध्ये पातळ थर देऊन जोडलेली दुपदरी कडक काच वापरावी.

रचना व उभारणी

घरगुती कठड्यासाठी ३ ते ५ मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची तारदोरी वापरतात. १९ तारांची एकपेडी दोरी ताठ असते व कमी लांबते, म्हणून सरळ रांगेसाठी ती योग्य. ७ पेडांची दोरी लवचीक असल्याने वळणावर सोयीची असते. दोरीच्या टोकाला आटेदार दांडा दाबून बसवतात आणि नट फिरवून ताण देतात.

दोन तारांमधील अंतर सुमारे ७५ मिलिमीटर ठेवतात. हाताने रेटल्यावर तारा फाकतात, हे लक्षात घेऊनच हे अंतर १०० मिलिमीटरपेक्षा कमी धरलेले असते. त्याच कारणाने खांबांमधील अंतर सुमारे १.२ मीटरपेक्षा जास्त नसावे. १ मीटर उंचीत अशा सुमारे १२ तारा बसतात. प्रत्येक तारेत ९० किलोग्रॅम ओढ धरली, तर टोकाच्या खांबावर एकूण ओढ १,०८० किलोग्रॅम, म्हणजे एक टनाहून अधिक होते. या कारणाने टोकाचे व कोपऱ्याचे खांब मधल्या खांबांपेक्षा जाड घेतात आणि वरची दांडी सर्व खांबांना पक्की जोडतात.

खांबाची तळपट्टी फरशीवर बसवून बोल्ट केवळ फरशी व तिच्याखालील मसाल्यात अडकवणे, ही अत्यंत धोक्याची चूक होय. बोल्टची पकड स्लॅबच्या काँक्रीटमध्येच हवी आणि भोक कडेच्या फार जवळ नसावे, नाही तर काँक्रीटचा कोपरा उडतो. शक्य असेल तेथे कडेच्या तुळईला बाजूने खांब जोडणे अधिक सुरक्षित असते. पुढे काढलेल्या गॅलरीत मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या भागात असतात. तेथे अंदाजाने भोके पाडल्यास त्या सळया कापल्या जाऊन गॅलरीच कमकुवत होते. म्हणून आधी अभियंत्याकडून सळयांची जागा निश्चित करून घ्यावी. भोकांभोवती जलरोधक भरणे विसरू नये.

सर्व तारा प्रथम सैल ओवून घेतात. मग मधल्या तारेपासून आरंभ करून आळीपाळीने वर व खाली थोडा थोडा ताण देतात. एकदम एकाच तारेला पूर्ण ताण दिल्यास खांब झुकून आधीच्या तारा ढिल्या पडतात. जवळून वीजवाहिनी जात असल्यास लांब पाइप व तार हाताळण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून घ्यावा.

लहान मुले व मर्यादा

आडव्या तारा मुलांना शिडीसारख्या वाटतात. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे उभ्या तारा किंवा उभे गज अधिक श्रेयस्कर ठरतात. कठड्याजवळ खुर्ची, कुंडी अथवा पाण्याची टाकी ठेवल्यास कठड्याची उपयुक्त उंची त्या वस्तूइतकी कमी होते.

निगा

स्टेनलेस स्टील तापल्यावर प्रसरण पावते. १० मीटर लांबीची तार ३० अंशांच्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर लांबते, म्हणून हिवाळ्यात घट्ट वाटणारी तार मे महिन्यात सैल जाणवते. उभारणीनंतर काही आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ताण तपासावा. फरशी धुण्यासाठी वापरले जाणारे ॲसिड स्टेनलेस स्टीलला घातक असते. नव्या घराची फरशी साफ करताना ते कठड्यावर उडू देऊ नये. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने धुतल्यास तार पुसून कोरडी करावी. साखर कारखान्याजवळील घरांत गळीत हंगामात उडणारी राख तारेच्या पेडांत साचते, ती ओल्या फडक्याने काढावी. ओले कपडे वाळत घालणे आणि सणासुदीला विजेच्या माळा थेट धातूच्या तारांना गुंडाळणे टाळावे, कारण माळेचे आवरण फाटल्यास संपूर्ण कठड्यात वीज उतरू शकते. तळाचा एखादा बोल्ट हलू लागल्यास, दुरुस्ती होईपर्यंत त्या कडेचा वापर बंद ठेवावा.